परसातील अनोळखी पक्षी : ओळख आणि नोंद

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याचे नाव प्रथम यंत्रमागांमुळे आणि पुढे गोदामांमुळे सर्वतोमुखी झाले. अंजूरफाटा व दापोडे यांच्या पट्ट्यातील वळ हे गाव या दुसऱ्या बदलाचे ठळक उदाहरण होय. जेथे पूर्वी पावसाळ्यात भाताची खाचरे भरलेली दिसत, तेथे आज पत्र्याच्या उंच छपरांची गोदामे उभी आहेत आणि रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ चालू असते. तथापि गाव म्हटले की घरामागचा परस आलाच. शेवग्याचे एखादे झाड, केळीचे आळे, कुंपणावरची विलायती चिंच, पडीक राहिलेले खाचर आणि खाडीकडे वाहत जाणारा ओहोळ या उरलेल्या हिरव्या तुकड्यांत पक्षी उतरतात. त्यांतील काही पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे असतात. एखादा मात्र असा येतो, की घरातील वडीलधाऱ्यांनाही त्याचे नाव सांगता येत नाही.

अशा वेळी घरात कुतूहल निर्माण होते, क्वचित भीतीही वाटते. मुले शाळेत जाऊन गुरुजींना विचारतात. कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवतो. बहुधा दोन दिवसांत विषय मागे पडतो आणि पक्षी अनोळखीच राहतो. वस्तुतः त्या पक्ष्याचे नाव ठरविणे ही केवळ हौशी माणसाची करमणूक नाही. जमिनीचा वापर झपाट्याने बदलणाऱ्या गावात कोणता जीव कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत होता, याचा पुरावा अशा साध्या पाहण्यातूनच तयार होतो. हा पुरावा विश्वसनीय व्हावा म्हणून पक्षी कसा पाहावा, तो कसा ओळखावा आणि त्याची नोंद कशी करावी, हे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळखीचाच पक्षी अनोळखी का वाटतो?

भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी साडेपाचशेहून अधिक महाराष्ट्रात आढळल्या आहेत. हा आकडा ऐकून सामान्य माणूस दबून जातो. परंतु परसात येणाऱ्या पक्ष्यांची संख्या त्या मानाने फारच थोडी असते आणि अनोळखी वाटणारा पक्षी पुष्कळदा ओळखीच्यांपैकीच एक निघतो.

याचे पहिले कारण म्हणजे नर व मादी यांतील फरक. कोकीळ म्हटला की काळाभोर रंग आणि लाल डोळे आठवतात. तो नर होय. त्याची मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असतात. आंब्याच्या पानांत दडून बसलेली ही मादी पाहून अनेकांना तो ससाण्याच्या जातीचा पक्षी वाटतो. दुसरे कारण ऋतूप्रमाणे बदलणारी पिसे. ओढ्याकाठी मातकट रंगाची ढोकरी नेहमी दिसते. विणीच्या हंगामात मात्र तिच्या पाठीवर गर्द तांबूस पिसे येतात आणि ती वेगळीच भासते. तिसरे कारण पिलांचे रूप. पुष्कळ जातींची पिले आईबापांहून रंगाने भिन्न असतात. कोकिळेचे पिल्लू तर कावळ्याच्या घरट्यात वाढते आणि कावळा त्याला भरवतो. ते दृश्य प्रथमच पाहणाऱ्याचा गोंधळ उडाला तर नवल नाही.

चौथे कारण स्थलांतर. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे धोबी पक्षी शेपटी वरखाली हलवीत अंगणात व खाचरात फिरू लागतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस नाहीसे होतात. पावसाच्या आगेमागे आफ्रिकेकडून चातक येतो. म्हणून पक्षी ओळखताना दिनदर्शिकेवर नजर टाकणे हे पक्ष्यावर नजर टाकण्याइतकेच उपयोगी पडते.

पाहण्याचा क्रम

अनोळखी पक्षी दिसला की मनुष्य प्रथम रंग सांगतो. रंग महत्त्वाचा खरा, पण एकटा रंग फसवा असतो. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिल्यास हिरवा पक्षी काळा दिसतो, सावलीत निळा करडा भासतो. म्हणून अनुभवी निरीक्षक ठराविक क्रमाने पाहतात.

पहिला प्रश्न आकारमानाचा. पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात हीच पद्धत वापरली आहे. सेंटिमीटरचा अंदाज दुरून चुकतो, पण चिमणीपेक्षा मोठा आणि साळुंकीपेक्षा लहान, असे कोणीही सांगू शकतो.

दुसरा प्रश्न बांध्याचा. शेपटी लांब की आखूड, दुभंगलेली की पंख्यासारखी? डोक्यावर तुरा आहे काय? पाय उंच आहेत काय? चोचीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चोच म्हणजे पक्ष्याच्या आहाराचे हत्यार. दाणे फोडणाऱ्या चिमणीची चोच जाड व शंकूसारखी असते, किडे टिपणाऱ्या शिंप्याची बारीक व टोकदार, फुलातील मध पिणाऱ्या सूर्यपक्ष्याची लांब व वाकडी, तर मांस फाडणाऱ्या घारीची आकड्यासारखी.

तिसरा प्रश्न रंगाचा. परंतु रंग कोणता यापेक्षा तो कोठे आहे हे पाहावयाचे. माथा, भुवई, गळा, छाती, पोट, पाठ, पंख, शेपटीची खालची बाजू आणि पाय अशी यादी मनात ठेवून वरून खाली यावे. लालबुड्या बुलबुलाची खूण त्याच्या शेपटीखालच्या लाल डागात आहे. चौथा प्रश्न वर्तनाचा. पक्षी जमिनीवर चालतो की टुणटुण उडतो, फांदीवरून झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येतो की पानापानांत शोधतो, एकटा असतो की थव्याने? पाचवा प्रश्न जागेचा व काळाचा, आणि सहावा आवाजाचा. आवाज अक्षरांत लिहून ठेवावा, मग ती अक्षरे कितीही ओबडधोबड असोत.

या सहा प्रश्नांची उत्तरे पक्षी उडून जाण्यापूर्वी किंवा तो उडताच कागदावर उतरवावीत. आधी पुस्तक उघडून मग पक्षी आठवू लागल्यास स्मरणशक्ती चित्राप्रमाणे बदलते आणि पक्ष्याला नसलेली खूणही आठवू लागते.

एक उदाहरण : नवरंग

समजा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या सरी पडून गेल्यावर, वळमधील एखाद्या घराच्या मागील दारी केळीच्या आळ्याजवळ एक पक्षी पालापाचोळा उलथताना दिसला. वरील क्रमाने उत्तरे अशी मिळतात : आकार बुलबुलाएवढा, अंग मात्र स्थूल. शेपटी अगदी आखूड, जणू कापून टाकलेली. चोच मजबूत. पाठ हिरवी, पंखावर चमकदार निळा डाग, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, गळा पांढरा, छाती व पोट पिवळसर, शेपटीखाली शेंदरी लाल. जमिनीवर टुणटुण उड्या मारतो आणि धोका वाटताच खालच्या फांदीवर जातो. पहाटे व सायंकाळी दोन सुरांची स्पष्ट शीळ घालतो.

एवढ्या उत्तरांनंतर शंकेला जागा राहत नाही. हा नवरंग होय. थंडीचे दिवस तो दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी सह्याद्रीच्या पायथ्याची झाडी, मध्य भारत व हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरतो. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी अशा अर्थाचे नाव आहे, कारण त्याची शीळ सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास ऐकू येते. हा प्रवास तो रात्री करतो. दमलेला नवरंग मे-जूनमध्ये घराच्या व्हरांड्यात, जिन्यात किंवा अंगणात येऊन बसल्याचे प्रकार मुंबई व कोकण भागात नवीन नाहीत. तो पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षी असावा, असा समज करून लोक त्याला पकडतात. वास्तविक त्याला काही तासांची शांतता हवी असते. कुत्रा-मांजर दूर ठेवले तर विश्रांती घेऊन तो आपल्या वाटेने निघून जातो. येथे योग्य ओळख पटणे हा त्या पक्ष्याच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

दिसायला सारखे, पण वेगळे

खरी कसोटी लागते ती दोन पक्षी एकमेकांसारखे असतात तेव्हा. उन्हाळ्यात रात्रंदिवस चढत्या सुरात ओरडणारा पावशा आणि शिकारी शिक्रा हे दोघेही पाठीने राखाडी, खालून पट्ट्यांचे आणि जवळपास एकाच आकाराचे. पावशा उडत आला की लहान पक्षी शिक्रा समजून ओरडू लागतात. माणसाने मात्र चोच व पाय पाहावेत. शिक्र्याची चोच आकडेदार व नख्या तीक्ष्ण असतात. पावशाची चोच साधी व पाय दुबळे असतात.

खाचरातील पांढऱ्या बगळ्यांचेही तसेच आहे. गावात सर्वांना मिळून बगळा एवढेच म्हणतात. परंतु गुरांच्या पायांशी किडे टिपणारा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. काळी चोच, काळे पाय आणि पायाची बोटे मात्र पिवळी असलेला तो छोटा बगळा. पहिला प्रामुख्याने गवतातील किड्यांवर जगतो, तर दुसऱ्याला उथळ पाण्यातील मासळी व बेडूक लागतात. खाचरे बुजली, ओहोळ आटला, तर दोघांवर होणारा परिणाम सारखा नसेल. नोंदवहीत केवळ "बगळे" असे लिहिल्यास हा फरक कधीच लक्षात येणार नाही.

रानपिंगळ्याचा धडा

सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांची गल्लत आणि नोंदीतील असत्य यांचे परिणाम किती दूरवर जातात, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. पिंगळा हे छोटे घुबड गावोगावी परिचित आहे. जुन्या आंब्याच्या ढोलीत किंवा घराच्या वळचणीला त्याची जोडी राहते. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही लोक पिंगळा म्हणतात. याच पक्ष्याचा एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी केले. हे ह्यूम म्हणजे पुढे राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे मुलकी अधिकारी. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात या पक्ष्याचे नमुने गोळा केले, त्यांतील अखेरचा १८८४ मधील. पुढे रानपिंगळा दिसेनासा झाला. १९१४ साली गुजरातेत आपल्याला तो मिळाला, असा दावा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केला होता आणि त्या चिठ्ठीसह एक नमुना संग्रहालयात जमाही होता. कित्येक वर्षांनी पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी बारकाईने तपास केला, तेव्हा तो नमुना डेव्हिडसनने गोळा केलेल्यांपैकीच एक असल्याचे उघड झाले. संग्रहालयातून तो चोरून, त्यात पुन्हा भरण करून, खोटे स्थळ व खोटी तारीख लिहून तो सादर केलेला होता.

खोट्या चिठ्ठीवर भिस्त ठेवून शोध घेणारे चुकीच्या जागी फिरतात. ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी हा पक्षी अस्तित्वात असल्याची खात्री पटली. डेव्हिडसन याने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले गाव व तारीख खरी होती, म्हणूनच हे शक्य झाले.

यापुढची हकिकत ठाणे जिल्ह्याची आहे. रानपिंगळा सातपुडा व मेळघाट यांच्या परिसरापुरताच असावा असा समज असताना, २०१४ साली तो तानसा अभयारण्यात आढळला. तानसा अभयारण्य शहापूर तालुक्याच्या परिसरात, म्हणजे भिवंडीहून काही फार दूर नाही. तेथे पिंगळा नेहमीचाच. त्यामुळे छोटे घुबड दिसले की पिंगळा, असे म्हणून कोणीही पुढे गेला असता. पाहणाऱ्याने मात्र खुणा तपासल्या. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. त्याची छाती गडद तपकिरी, पोट पांढरे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात आणि तो भर दिवसाही निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसलेला आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो आजही संकटग्रस्त आहे.

वळच्या परसात रानपिंगळा येईल अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. तो साग व ऐन यांसारख्या वृक्षांच्या शुष्क जंगलाचा रहिवासी आहे. परंतु त्याच्या इतिहासापासून दोन गोष्टी शिकता येतात. एक म्हणजे नेहमीचाच पक्षी असेल, असे न पाहताच ठरवू नये. दुसरी म्हणजे नाव चुकले तर पुढे कोणीतरी ते दुरुस्त करू शकतो; स्थळ व तारीख खोटी लिहिली तर सारा शोधच भरकटतो.

एका पक्ष्याची अनेक नावे

लोकभाषेतील नावे हा मोठा ठेवा आहे, पण त्यांनी घोटाळाही होतो. काळे अंग, विटकरी पंख, लाल डोळे आणि घुमणारा खोल आवाज असलेल्या पक्ष्याला कोणी भारद्वाज म्हणतो, कोणी कुंभारकावळा, तर कोणी सोनकावळा. उलट घुबड या एकाच नावाखाली पिंगळा, गव्हाणी घुबड व इतर अनेक जाती मोडतात. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी आयुष्याचा मोठा काळ जंगलात घालवून पक्ष्यांची ठिकठिकाणची नावे जमविली. त्यांचा पक्षिकोश या कामी मराठी वाचकाला फार मोलाचा आहे. नोंद करताना गावात रूढ असलेले नाव प्रथम लिहावे, त्यापुढे प्रमाण मराठी नाव व शक्य असल्यास शास्त्रीय नाव द्यावे. गावचे नाव गाळून केवळ पुस्तकी नाव लिहिणे म्हणजे निम्मी माहिती फेकून देण्यासारखे आहे.

ओळख पटत नसेल तर विचारण्यात कमीपणा नाही. सालिम अली लहान असताना त्यांच्या हाती एक चिमणी लागली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही ती ओळखता आली नाही, म्हणून त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटे उघडून जतन केलेले शेकडो पक्षी मुलाला दाखविले. एका अनोळखी पक्ष्याच्या चौकशीतून देशाला थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी या चिमणीवरूनच घेतले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आजही मुंबईत हॉर्नबिल हाउसमध्ये कार्यरत आहे. संस्थेने अनेक वर्षे पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला आहे. असे कडे असलेला पक्षी आढळल्यास त्यावरील अक्षरे व क्रमांक जसेच्या तसे उतरवून संस्थेला कळवावे.

अलीकडे भ्रमणध्वनीवरील मर्लिनसारखे उपयोजन छायाचित्र किंवा आवाज पाहून नाव सुचविते. ही सोय चांगली आहे, परंतु यंत्राने सुचविलेले नाव हा निर्णय नसून प्रस्ताव आहे. सहा प्रश्नांची उत्तरे त्या नावाशी जुळतात काय, हे माणसानेच पाहावयाचे.

पंचायतीची नोंदवही

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकांच्या सहभागाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या कामास मार्गदर्शन करणाऱ्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपूर येथे आहे. नोंदवही ही एकदाच भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. शेजारच्या गावाची यादी उतरवून घेतली तर रकाने भरतात, पण गावाबद्दल काहीच कळत नाही. याउलट वर्षभर पाहून लिहिलेल्या चाळीस ओळी पुढे एखाद्या तलावाचा, देवराईचा किंवा खाडीकाठच्या तिवरांचा विचार करताना पंचायतीच्या हाती ठोस आधार देतात. गोदामांच्या पट्ट्यातील गावांना तर याची निकड अधिक आहे. खाचर बुजल्यावर तेथे काय होते ते सांगणारी माणसे हळूहळू कमी होतात, लिहिलेले राहते.

नोंदीसाठी सात रकाने पुरेत : दिनांक व वेळ, गाव, वस्ती व नेमकी जागा, पक्ष्याचे स्थानिक नाव, प्रमाण नाव, संख्या, काय करीत होता, आणि पाहणाऱ्याचे नाव. ओळख अनिश्चित असल्यास तसे स्पष्ट लिहावे व खुणा नोंदवाव्यात. अनिश्चित नोंद ही कमअस्सल नोंद नव्हे. बळेच ठोकून दिलेले नाव मात्र नोंदवही बिघडविते.

सामान्य माणसांच्या नोंदींचे मोल आता सर्वमान्य झाले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात ९४२ जातींचा विचार करण्यात आला. त्यासाठी सुमारे ३० हजार निरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदी वापरण्यात आल्या. यांतील बहुतेक निरीक्षक शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी ई-बर्ड या संगणकीय नोंदवहीत तारीख, जागा व संख्या प्रामाणिकपणे लिहिली, एवढेच.

कायदा आणि काळजी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अनुसार वन्य पक्ष्याला पकडणे, इजा करणे, त्याची अंडी वा घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. रानातून आणलेला पोपट पिंजऱ्यात ठेवणेही कायद्याला मान्य नाही. घुबड अशुभ मानून त्याला हाकलण्याची किंवा मारण्याची प्रवृत्ती अजून कोठे कोठे दिसते. वास्तविक गव्हाणी घुबड उंदरांचा फडशा पाडते आणि धान्य साठविणाऱ्या गावाचा व गोदामाचा तो फुकटचा राखणदार होय.

जखमी किंवा थकलेला पक्षी आढळल्यास हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, शांत व अंधाऱ्या जागी ठेवावा. त्याच्या चोचीत बळेच पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ कळवावे. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास मात्र त्यांना हात लावू नये आणि पशुसंवर्धन विभागाला वर्दी द्यावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कुक्कुटपालन केंद्रात बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता. मेलेला पक्षी कोणत्या जातीचा, हे कळविणाऱ्याला नेमके सांगता आले, तर विभागाला पुढील दिशा ठरविणे सोपे जाते.

शाळांनी काय करावे?

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एक वही, एक पेन्सिल आणि शाळेला मिळून एखादी साधी दुर्बीण असली तरी भागते. आठवड्यातून एकदा, सकाळी पंधरा मिनिटे, एकाच जागी उभे राहून दिसतील ते पक्षी मुलांनी मोजावेत. सहा प्रश्नांचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा. घरी आजी-आजोबांना पक्ष्यांची जुनी नावे विचारून आणण्यास सांगावे. भातशेती करणाऱ्या पिढीला ठाऊक असलेली नावे नोंदवहीत येण्याची ही वेळ आहे.

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात परसातील पक्ष्यांची जागतिक गणना चार दिवस चालते. भारत तीत २०१३ पासून सहभागी आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटे पाहून केलेली यादी तीत स्वीकारली जाते. घराचे परसदार, शाळेचे पटांगण किंवा पंचायत कार्यालयामागची चिंच यांपैकी कोणतीही जागा त्यास चालते. वळ व त्याच्या आसपासच्या गावांतील शाळांनी ही चार दिवसांची यादी दरवर्षी त्याच जागेवरून केली आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे दिली, तर दहा वर्षांनी त्या गावापाशी आपल्या पक्ष्यांचा असा दप्तरी इतिहास असेल, जो आज फारच थोड्या गावांपाशी आहे.